मीलूदच्या चेहऱ्यावरच्या रेघा

खड्... खड्...

पातेल्यावरचं झाकण हललं. तेवढाच काय तो आवाज. बाकी सगळी गल्ली गप्प.

रमजानात कासाब्लांकाच्या गल्ल्या सूर्यास्ताआधी पाच-दहा मिनिटं अशाच होतात. गाड्या थांबतात, दुकानांची शटरं पडतात, आया पोरांना हाका मारमारून घरात ओढतात. सगळं शहर अजानीकडे कान लावून बसलेलं असतं. मग शेगडीवरच्या हरीराच्या सूपचं झाकण खडखडलं तरी माणूस दचकतो.

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. तीन वर्षांपूर्वीचा रमजान, दहावा रोजा ते एकविसावा रोजा. दर्ब गलेफच्या बाजारामागची गल्ली, तिसरा मजला. जिच्या घरात हे घडलं ती नजवा आजही तिथेच राहते आणि तेच काम करते. मॉनिटर दुरुस्त करण्याचं. फरक एवढाच, की हल्ली काम झालं की ती मॉनिटरचं तोंड भिंतीकडे करून ठेवते.

लगेच.

लग्नाआधी ती बाजारात बुशैब उस्तादांच्या हाताखाली शिकली होती. तिकडे युरोपातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले सपाट मॉनिटर कंटेनर भरभरून या बाजारात येतात. कुणाला उभी रेघ, कुणाला लहरी, कुणाचं चित्र एका बाजूला ओढलेलं. दीर जवाद बाजारातून तीन-चार उचलून वर आणून द्यायचा. नजवा ते उघडायची, फुगलेले कपॅसिटर बदलायची, सैल झालेली पट्टी अंगठ्याने दाबून बसवायची. गल्लीतले लोक म्हणत, नजवाचा हात लागला की मेलेला पडदा उठून बसतो.

तिचा नवरा मीलूद स्पेनमध्ये, अल्मेरियाला. प्लास्टिकच्या शेडमध्ये टोमॅटो तोडायला. ईदला घरी यायचा होता, आणि पुढे बाळंतपण होईपर्यंत राहायचा होता. नजवाला सातवा महिना होता. गेल्या वर्षी तिचे वडील गेले, ती बातमी तिला फोनवर एकदम कळली आणि पोटातलं पाच महिन्यांचं मूल त्याच रात्री गेलं. तेव्हापासून घरात सगळे तिला फार जपून असत. तिच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नसे.

मीलूदने त्यावर एक नेम केला होता. रोज इफ्तारच्या वेळी व्हिडिओ कॉल. बैठ्या टेबलाच्या एका बाजूला कॉम्प्युटरचा चोवीस इंची मॉनिटर मांडायचा. त्याच्यापुढे एक वाटी, एक चमचा. जणू तोही पंगतीला बसलाय.

तिकडे सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. त्यामुळे मीलूद तोंड पुसतच कॉलवर यायचा.

"आमचं झालं बाबा! तुम्ही बसा आता लाळ गाळत!"

त्यांची सहा वर्षांची मुलगी हिबा रोज चिडायची. रोज.

नवव्या रोज्याला कॉल आलाच नाही.

"तिकडे लाईट गेलीय, वहिनी," जवाद म्हणाला. तो तिच्याकडे न बघता चपला घालत होता. "मी जरा टँजियरच्या बंदरावर जाऊन येतो. माल आलाय. दोन-तीन दिवस लागतील."

दहाव्या रोज्याला झाकण खडखडलं... आणि कॉल आला.

मीलूद दिसला.

पण त्याच्या चेहऱ्यावर रेघा होत्या.

बारीक, तिरक्या, करड्या. खालून वर सावकाश सरकणाऱ्या. हनुवटीपासून कपाळापर्यंत जायच्या आणि पुन्हा हनुवटीपासून सुरू व्हायच्या. उजवा गाल ओल्या कापडासारखा बाजूला ओढला जायचा आणि परत जागेवर यायचा.

"अरे, झेब्रा झालायस तू!" नजवा हसली. "काल कुठे होतास?"

"होतो की."

"आणि आज जेवलास?"

"तुमच्याबरोबर सोडतो."

हिबाने टाळ्या पिटल्या. "बाबा आज आमच्याबरोबर! आज चिडवायचं नाही!"

अजान झाली. नजवाने खजूर तोंडात घातला आणि पडद्याकडे पाहिलं.

मीलूदने हात उचलला नव्हता.

त्याच्यापुढे काही नव्हतंच. ताट नाही, पेला नाही. मागे एरवी खोलीतली बाकीची पोरं आरडाओरडा करायची, चमचे वाजायचे, कुणीतरी गाणं म्हणायचं. आज काही नाही.

नुसती शांतता...

"लल्ला!" नजवाने सासूला हाक मारली. "या ना, मीलूद आलाय!"

स्वयंपाकघरात डाव खाली पडल्याचा आवाज झाला.

लल्ला रकिया दारापर्यंत आल्या. उंबऱ्यावरच थांबल्या. तिथून मॉनिटरची पाठ तेवढी दिसायची.

"मी बोलले त्याच्याशी दुपारी," त्या म्हणाल्या. "मला नमाजाला उशीर होतोय." आणि चटई घेऊन गच्चीवर निघून गेल्या. सूपला हातही न लावता.

नजवाला जरा लागलं. दुपारी आईशी बोलायला वेळ आहे, आणि काल बायकोला एक फोन नाही?

पण तिने ते मनातच ठेवलं. आधी त्या रेघा घालवायच्या होत्या. तिला त्याचा चेहरा नीट बघायचा होता, बस. हिशोब सोपा होता. ईदला वीस दिवस. तोवर रोज पंधरा मिनिटं तो चेहरा दिसला की तिचा दिवस निघायचा.

बुशैब उस्तादांनी तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर गुन्हेगार पळाला समज.

अकराव्या रोज्याला तिने केबल बदलली. नवी, जाड, दोन्हीकडचे स्क्रू घट्ट पिळून.

रेघा तशाच.

बाराव्याला सॉकेट बदललं. फ्रिजच्या मोटरमुळे लहरी येतात कधीकधी, म्हणून फ्रिज बंद केला. लल्ला रकिया काही बोलल्या नाहीत. दूध नासलं तरी बोलल्या नाहीत. हे नवलच होतं, कारण एरवी त्या दुधाच्या थेंबावरून वाडगाभर बोलत.

तेराव्याला सेटिंग बदललं. पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा पंचाहत्तरवरून साठवर आणला.

रेघा तशाच. आणि एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली...

पडद्याच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा छोटा चौकोन होता. त्यात ती आणि हिबा. तो चौकोन लख्ख स्वच्छ होता. एकसुद्धा रेघ नाही. रेघा फक्त मीलूदवर होत्या. त्याच्या मागच्या भिंतीवरही नव्हत्या. तो मान हलवायचा तशा त्याच्याबरोबर हलायच्या.

पडदा बिघडला तर असा माणूस बघून बिघडत नाही.

चौदाव्या रोज्याला तिने मॉनिटरच बदलला. दुरुस्त करून ठेवलेल्यातला उत्तम. आधी लाल, हिरवा, निळा, पांढरा असा एकेक रंग भरून तपासला. एक ठिपका मेलेला नाही. एक डाग नाही.

कॉल आला.

रेघा.

मग तिने ती चाचणी केली जी नवशिकासुद्धा करतो. पडद्यावर जे दिसतंय त्याचा कॉम्प्युटरमध्येच फोटो घ्यायचा. रेघा फोटोत उतरल्या, तर दोष कॉम्प्युटरचा. नाही उतरल्या, तर दोष मॉनिटरचा नाही तर केबलचा. इतकं साधं.

मीलूद बोलत होता. हिबाला विचारत होता, दात पडला का. नजवाने हळूच बटण दाबलं.

कॉल संपल्यावर फोटो उघडला.

रेघा नव्हत्या.

मीलूदही नव्हता.

कोपऱ्यात तिचा आणि हिबाचा छोटा चौकोन. हिबा तोंड उघडून दात दाखवतेय. आणि बाकी सगळा पडदा...

काळा.

तिने स्वतःला समजावलं. जुन्या कॉम्प्युटरवर असं होतं. चालता व्हिडिओ फोटोत येत नाही, त्या जागी काळा ठोकळा येतो. तिने स्वतः गिऱ्हाइकांना दहादा सांगितलं होतं.

पण मग कोपऱ्यातला चौकोन कसा आला? तोही चालताच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हिबाचा हात धरून बाजारात गेली. बुशैब उस्ताद एका उघड्या मॉनिटरवर डोकं घालून बसले होते. चष्मा कपाळावर.

"ये गं बाई! उस्तादाला टाकून स्वतः उस्ताद झालीस. आज कुठे अडलं?"

"रेघा आहेत, उस्ताद. केबल बदलली, जागा बदलली, मॉनिटर बदलला. जातच नाहीत. आणि सगळ्या पडद्यावर नाहीत, फक्त एका चेहऱ्यावर."

"सासूच्या असतील तर सोड. त्या रेघा कंपनीतूनच येतात."

शेजारच्या गाळ्यातला माणूस फिसकन हसला. नजवाही हसली.

"सासूच्या नाहीत हो. मीलूदच्या."

स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"कुणाच्या?"

"मीलूदच्या. आमच्या रोजच्या कॉलवर."

शेजारच्या गाळ्यातला रेडिओ चालू होता. तो कुणीतरी बंद केला...

"रोजच्या," उस्ताद म्हणाले.

"हो. काल पण आला होता."

उस्तादांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला, शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. मग हिबाच्या मुठीत एक गोड गोळी ठेवली. "रोजा सुटल्यावर खा हं."

"उस्ताद, काय करू?"

"मॉनिटर बंद ठेव, पोरी. ईदपर्यंत."

"का?"

"पडद्यालाही विश्रांती लागते."

दहा वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मॉनिटरला विश्रांती! याच माणसाने तिला शिकवलं होतं, की कारण सापडेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. ती गाळ्यांच्या रांगेतून परत निघाली तेव्हा तिच्या येण्याआधीच बोलणी थांबत होती. ओळखीची माणसं एकाएकी खालच्या तारांमध्ये काहीतरी शोधायला लागत होती.

एकाने तर तिला बसायला स्टूल दिलं. न मागता.

घरी आल्यावर तिने सासूला विचारलं, "लल्ला, माझ्यापासून कुणी काही लपवतंय का?"

"काय लपवणार गं? पोटुशी बाईला असले विचार येतात."

"मला त्या पडद्याची भीती वाटायला लागलीय."

"भीती?" लल्ला रकियांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्यांचा हात गार होता. "रमजानात जिन्न, भुतं सगळी साखळदंडात असतात. या महिन्यात भ्यायचं काही कारण नाही. तू फक्त दोन घास नीट खा."

इतक्या मायेने त्या कधी बोलल्या नव्हत्या. नजवाला रडू आलं. तिला वाटलं, आपणच वेड्या. घर किती जपतंय आपल्याला.

अठराव्या रोज्याला कॉल संपला. तिने पडदा पुसायला घेतला आणि थबकली.

बंद पडद्यावर एक फिकी आकृती उरली होती.

यात नवल नाही. एकच चित्र फार वेळ राहिलं, तर सपाट पडद्यावर त्याची छाप उरते. घटकाभर पांढरा रंग लावून ठेवला की जाते. तिने पांढरा लावला आणि पोळपाट घेऊन बसली. तासाभराने येऊन पाहिलं.

छाप गेली नव्हती. उलट गडद झाली होती.

ती जवळ गेली. मीलूद रोज बसलेला दिसायचा. खांदे, मान, डोकं. छाप पण तशीच हवी.

ही आकृती आडवी होती.

डावीकडून उजवीकडे, सरळ. खांदे झाकलेले, हात दिसत नव्हते. डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली काहीतरी बांधल्यासारखं निमुळतं. कपड्यात गुंडाळल्यासारखं...

मॉनिटर कलता ठेवलाय का, म्हणून तिने खाली वाकून पाहिलं. सरळच होता.

तिने वायर उपटली. पोटातलं बाळ एकदम फिरलं. ती तिथेच खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोट धरून म्हणत राहिली, "काही नाही रे राजा, काही नाही. आईला झोप येतेय नुसती."

जिन्न तर बांधलेले होते.

मग हे काय होतं?

तरी दुसऱ्या दिवशी तिने वायर परत लावली. कॉल येतच राहिले.

एकविसावा रोजा. गुरुवार. अजानीला पंधरा मिनिटं होती. नजवाने ठरवलं होतं, आज शेवटची एक गोष्ट बदलायची. कॉम्प्युटरच्या आतली जुनी तार. तसली एक घरात होती, मीलूदने लग्नानंतर आणलेली. लल्लांच्या खोलीतल्या लाकडी पेटीत त्याचं जुनं सामान असायचं. लल्ला स्वयंपाकघरात होत्या. त्या पेटीला कधी कुलूप नसे.

आज होतं.

पण किल्ली कुठे असते ते सुनेला माहीत असतं. उशीच्या खोळीत. तिने पेटी उघडली.

वर ब्लँकेट. त्याखाली एक नवी कोरी पिशवी.

पिशवीत पांढरा झगा होता. पांढरा रुमाल. पांढरे मोजे. पांढऱ्या सपातांची जोडी, अजून कागदात.

तिथे पांढरं कोण घालतं हे तिथल्या पोरींनाही ठाऊक असतं. नवरा गेलेली बाई. चार महिने दहा दिवस.

लल्लांसाठी असेल, असं तिचं मन म्हणालं. पण लल्लांचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. आणि लल्लांचा पाय मोठा होता.

ही जोडी लहान होती.

नजवाने चप्पल काढली. पाय आत घातला.

बरोब्बर बसला.

पिशवीच्या तळाशी अजून काहीतरी कडक होतं. तिने बाहेर काढलं. फोन. काच तडकलेली, कडेला माती. पाठीवर हिबाने दोन वर्षांपूर्वी चिकटवलेला जांभळा मासा.

मीलूदचा फोन.

तिने बटण दाबलं. परत दाबलं. धरून ठेवलं. बॅटरी केव्हाच मेलेली होती.

"नजवा?"

लल्ला रकिया दारात होत्या. त्यांनी पेटी पाहिली, पांढरा झगा पाहिला, सुनेच्या पायातली जोडी पाहिली. आणि भिंतीला टेकून खाली सरकल्या.

"कधी?" नजवाने विचारलं.

"नवव्या रोज्याला. पहाटे सायकलवरून कामाला निघाला होता... ट्रकने..."

"जवाद टँजियरला..."

"त्याची शवपेटी आणायला गेला होता. गावी नेलं. त्याच्या बापाशेजारी ठेवलं." त्या दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या. "ईद होऊ दे म्हटलं गं. बाळ हाती येऊ दे म्हटलं. गेल्या वर्षी तुझं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझा मुलगा गेला. त्याचं एवढंच उरलंय तुझ्या पोटात."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

लल्लांनी मान डोलावली.

"उस्तादांना?"

"जवादबरोबर तेच गेले होते."

"बाजाराला ठाऊक. गल्लीला ठाऊक." नजवाचा आवाज अगदी शांत होता. "मी डोळ्यांत सुरमा घालत होते, लल्ला. मागच्या शुक्रवारी मी हातांना मेंदी लावली. तुम्ही वाटून दिलीत ती. तुम्ही! मी त्याची वाटी मांडत होते आणि तुम्ही बघत होतात!"

"तू रोज हाक मारायचीस ना," लल्ला एकदम म्हणाल्या. "'या, मीलूद आलाय.' मला वाटलं, तुला कळलंय. तू माझी परीक्षा बघतेस. माझ्या तोंडून वदवून घेतेस. तुझ्या बोलण्याचा आवाज यायचा, मला वाटायचं तू त्याचे जुने निरोप लावून ऐकतेस. मी वर गच्चीत जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडायचे गं..."

"जुने निरोप?" नजवा म्हणाली. "लल्ला, तो रोज येतो."

त्या क्षणी बाहेरच्या खोलीत कॉल वाजला.

नजवाच्या मुठीत मीलूदचा फोन होता. गार. काळा.

बाहेर मॉनिटरवर त्याचं नाव लुकलुकत होतं...

लल्ला रकियांनी तिचं मनगट धरलं. "जाऊ नकोस! उचलू नकोस!"

पण आवाज थांबला. कुणीतरी उचलला होता.

हिबा टेबलापाशी बसली होती. हनुवटी तळव्यावर. पडद्यावर मीलूद, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वर वर सरकणाऱ्या त्या करड्या रेघा.

नजवा मनगट सोडवून बाहेर आली. पायात ती पांढरी जोडी तशीच होती. ती मॉनिटरच्या मागे गेली. एका वेळी एकच गोष्ट. तिने केबलचे दोन्ही स्क्रू फिरवले आणि केबल ओढून काढली.

केबलचं निळं टोक तिच्या हातात लोंबकळत होतं.

"बाबा, दात हलतोय," हिबा पडद्याशी बोलत होती.

नजवा पुढे आली.

तो होता.

मॉनिटरमध्ये कुठूनही काही जात नव्हतं, आणि तो होता. तिने फोन उचलून पडद्यासमोर धरला. तडकलेली काच. जांभळा मासा.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते सगळे लपवत होते, ते मी समजेन कधीतरी. ती माणसं आहेत, घाबरली. पण तू? बारा दिवस रोज माझ्यासमोर बसलास. मी विचारलं, जेवलास का. मी विचारलं, ईदला कोणत्या बसने येणार. तू म्हणालास, बघू. तूसुद्धा, मीलूद? तूसुद्धा त्यांच्यातलाच?"

रेघा थांबल्या.

सरकायच्या थांबल्या. मग एकेक करून विरल्या. कपाळावरची आधी, मग गालावरची, मग ओठांवरची. आणि बारा दिवसांत पहिल्यांदा तिला तो चेहरा स्वच्छ दिसला. भुवईत माती होती. डाव्या कानामागून काहीतरी वाळलेलं खाली आलं होतं. ती बघत राहिली. तेवढंच तर हवं होतं तिला.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

आणि चोरी पकडली गेल्यासारखी नजर खाली घातली.

पडदा काळा झाला. मधोमध पांढरी अक्षरं आली. सिग्नल नाही.

अजान सुरू झाली. खाली गल्लीत पेल्यांचे, चमच्यांचे आवाज उठले. दारात लल्ला रकिया तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही. कुणीही रोजा सोडला नाही. सूपवर साय धरत गेली.

नजवा तिथेच जमिनीवर बसली. पोट घट्ट झालं होतं, मग सैल झालं. बाळ होतं. हलत होतं. तिने हात पसरले आणि हिबाला कुशीत ओढलं. या घरात, या गल्लीत, जिच्या डोळ्यांत बघता येईल अशी ही एकच उरली होती. तिने तिच्या केसांत नाक खुपसलं. खजुराचा वास, घामाचा वास.

"आई," हिबा म्हणाली.

"काय गं सोन्या?"

"तू स्वयंपाकघरात असायचीस ना, तेव्हा बाबा लवकर यायचा. रोज. फक्त माझ्याशी बोलायला."

नजवाचे हात जागच्या जागी थांबले.

हिबाने तिच्या पोटावर हात ठेवला. अगदी हळू. जसं झोपलेल्याला उठवायचं नसतं तसं.

"त्याने मला बाळाचं काय होणार ते सांगितलंय. म्हणाला होता, आईला बोलू नकोस..."

तिने वर पाहिलं.

"आता सांगू का?"